उघडणारच ना!

दिवाळीच्या आधी आमच्याकडे माळा आवरायचा कार्यक्रम असतो. माळा बायको आवरते, मी खाली उभा राहून "ते टाकू नकोस" एवढंच म्हणतो. यंदा बुटाच्या एका खोक्यात जुने चार्जर, दोन मेलेले उंदीर (संगणकाचे!) आणि रबरबँड लावलेली एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क निघाली. ८० जीबीची. वर मामांच्या अक्षरात, स्केचपेनने: "किल्ले".

लॅपटॉप समोरच होता. लिनक्सच आहे त्यावर, गेली वीसेक वर्षं दुसरं काही नाहीच. वायर खुपसली, डिस्क कुरकुरली, आणि एका सेकंदात पडद्यावर खिडकी उघडली. अजिंक्यतारा, कल्याणगड, चंदन-वंदन, वासोटा, सगळे फोल्डर देवनागरीत, ओळीने उभे.

"उघडली!" मी ओरडलोच.

"उघडणारच ना," माझी लेक म्हणाली. मोबाइलमधून मानही वर न काढता.

आता या "ना"चं काय करायचं? तिचं काहीच चुकलं नाही. वायर लावली की डिस्क उघडते, बटण दाबलं की दिवा लागतो. पण हीच डिस्क, हीच वायर, आणि २००६ सालातला मी: या तिघांनी मिळून जे दोन शनिवार-रविवार घालवले, त्यात मामांचा वासोटा जवळजवळ कायमचा गेला होता. तो किस्सा सांगायचा, तर त्या एका सेकंदाच्या पोटात काय काय दडलंय तेही सांगावं लागेल. चहा घेऊन बसा.

मामा जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आणि दोन नाद लावून घेतले. एक, साताऱ्याच्या आसपासचे किल्ले पुन्हा एकदा पायाखाली घालायचे. दोन, आयुष्यभर काढलेल्या पारदर्शिका स्कॅन करायच्या. घरच्या विंडोज एक्सपीवर ते इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टायपायला शिकले, वयाच्या साठीनंतर, आणि मग त्यांना आवरणं कठीण झालं. फोटोखाली ओळ लिहायची सोय कुठे आहे ते त्यांना सापडलं नाही. म्हणून ते फाइलच्या नावातच सगळी ओळ लिहीत. ही सवय पुढे महत्त्वाची ठरणार आहे, लक्षात ठेवा.

मग त्यांच्या संगणकाची आतली डिस्क आचके द्यायला लागली. दुकानदाराने सगळा माल या ८० जीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर उतरवून दिला आणि आठवड्याभरात जुनी डिस्क मेली. म्हणजे प्रत एकच. मामा ती डिस्क रुमालात गुंडाळून पुण्याला घेऊन आले आणि म्हणाले, "तू त्यातला आहेस, याची एक कॉपी करून ठेव. आणि हे नवे फोटो आहेत कार्डात, ते यात टाकून दे."

माझ्या अंगात तेव्हा रग होती. आमच्या पिढीतल्या कित्येकांना लिनक्स भेटलं ते 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत आलेल्या सीडीतून. १९९६ पासून हे मासिक सीडी वाटत होतं, त्यामागे अतुल चिटणीस होते. पुढे उबुंटूवाले तर घरपोच फुकट सीडी पाठवायचे. पण मला सीडीतलं तयार कर्नल चालायचं नाही. मी शनिवारी बसून स्वतः कंपाइल केलेलं कर्नल वापरायचो. का? तर करता येतं म्हणून. या माजाचं फळ पुढे मिळालंच.

पहिला धडा विजेचा. वायर लावली तर डिस्क नुसती टिक-टिक करायची आणि गप्प व्हायची. यूएसबीचं हे मूळ बंधन: एका पोर्टमधून ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलीअँपियर. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क एकदा फिरू लागली की तेवढ्यात भागवते, पण थांबलेली थाळी पहिल्यांदा फिरवायला जास्त लागतं. म्हणून त्या काळच्या डिस्कसोबत दोन शेपट्यांची वायर मिळायची. एक शेपूट माहितीला, दुसरं नुसतं वीज ओढायला. मामांनी ते दुसरं शेपूट "जास्तीचं" म्हणून घरीच ठेवलं होतं!

यूएसबी आलं १९९६ मध्ये. त्याच्या जनकांपैकी एक म्हणजे इंटेलमधले अजय भट्ट, शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. (सयाजीरावांचं नाव निघालं की मराठी माणसाची छाती उगाच दोन इंच फुगते. असो.) सुरुवातीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. त्या वेगाने मामांची डिस्क उतरवायला निम्मा दिवस गेला असता. २००० साली यूएसबी २.० आलं, वेग ४८० मेगाबिटवर गेला, आणि तेव्हा कुठे बाहेरची हार्ड डिस्क ही वापरण्याजोगी वस्तू झाली.

लिनक्सला यूएसबी जमायला वेळ लागला. १९९९ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्सने बसून नव्याने पाया लिहिला आणि जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलमध्ये ते अधिकृतपणे स्थिरावलं. डिस्क चालवणारा यूएसबी-स्टोरेज हा भाग मॅथ्यू धार्म यांनी सांभाळला. यातली युक्ती मला फार आवडते. यूएसबी डिस्कला नवी भाषा शिकवण्याऐवजी ती स्कझी डिस्क आहे असंच कर्नलला भासवायचं. स्कझी ही सर्व्हरमध्ये वापरायची महागडी, खानदानी जात. तिच्याशी बोलायचा सगळा सरंजाम कर्नलमध्ये आधीच तयार होता. म्हणून तर आपली फुटपाथवरची पेनड्राइव्हसुद्धा लिनक्समध्ये 'एसडीए', 'एसडीबी' अशा खानदानी नावांनी मिरवते. त्यातला 'एस' स्कझीचा.

आणि याच भागात एक फाइल आहे, 'अनयुज्युअल डिव्हाइसेस' नावाची. नियम पाळतो म्हणून सांगणारी पण प्रत्यक्षात न पाळणारी जी उपकरणं बाजारात आली, त्यांची ही वहीच. हे यंत्र स्वतःची साइज एकाने जास्त सांगतं, त्याला अमुक प्रश्न विचारला की ते गोठतं, म्हणून विचारू नका. एकेक नोंद म्हणजे कुणीतरी कुठेतरी घालवलेली एक रात्र. कर्नलमधली सगळ्यात माणसाळलेली फाइल कुठली असं मला विचाराल तर मी हिचं नाव घेईन.

तर, शेजारच्या मित्राकडून दोन शेपटांची वायर आणली, डिस्क फिरली, एसडीए दिसली. पुढची भिंत: एनटीएफएस.

डिस्क म्हणजे नुसती कोरी जमीन. त्यावर कुठली फाइल कुठे ठेवली याचा सातबारा म्हणजे फाइल सिस्टीम. जुनी फॅट ही सगळ्यांना ठाऊक असलेली, १९७७ पासून चालत आलेली, तलाठ्याच्या वहीसारखी साधी पद्धत. एनटीएफएस आली जुलै १९९३ मध्ये, विंडोज एनटी ३.१ बरोबर. उत्तम बांधणी, नोंदी चुकल्या तर सावरायची सोय, नावं थेट युनिकोडमध्ये. फक्त एकच भानगड, हा सातबारा कसा लिहिलाय याचा पूर्ण तपशील मायक्रोसॉफ्टने कधी प्रसिद्ध केला नाही. जमीन तुमची, माल तुमचा, आणि उतारा वाचायचा तर एकाच कंपनीच्या खिडकीवर जायचं.

मग ही डिस्क एनटीएफएस का होती? कारण एक्सपीला ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट करताच येत नसे. गंमत म्हणजे मोठी फॅट ३२ डिस्क ती बिनतक्रार वाचायची, लिहायची, फक्त तयार करू द्यायची नाही. ही मर्यादा फॅटची नव्हती, फॉरमॅट करणाऱ्या खिडकीची होती. दुकानदारापुढे पर्यायच नव्हता.

ज्यांनी हा उतारा बाहेरून वाचला त्यांची कहाणी मला किल्ल्यांच्या कहाणीइतकीच आवडते. जर्मनीतल्या मार्टिन फॉन लोविसने पहिला ड्रायव्हर लिहिला आणि डिसेंबर १९९७ मध्ये तो २.१.७४ कर्नलमध्ये आला. (हाच माणूस पुढे पायथॉन भाषेच्या युनिकोडच्या कामातही दिसतो.) कागदपत्रं नाहीत म्हटल्यावर करायचं काय? विंडोजमध्ये एक फाइल बनवायची, डिस्कवरचे बाइट पाहायचे. नाव बदलायचं, पुन्हा पाहायचे. काय हललं, का हललं असेल? लिपी वाचणारे संशोधक शिलालेखाशी जे करतात तेच. फरक इतकाच की शिलालेख वाचताना चुकलं तर शिलालेख बिघडत नाही. इथे वाचणं जमलं तरी लिहिताना एक आकडा चुकला की सगळा सातबारा खलास. २.४ कर्नलमध्ये एनटीएफएसवर लिहायच्या पर्यायापुढे कंसात, मोठ्या अक्षरांत 'डेंजरस' असंच छापलेलं असायचं. खोटं नव्हतं ते.

केंब्रिज विद्यापीठातल्या अँटन आल्तापर्माकोव्हने तो ड्रायव्हर नव्याने लिहायला घेतला. २००२ मध्ये तो आला, २.६ मध्ये सगळीकडे गेला. या माणसाचं धोरण साधं होतं: जे शंभर टक्के कळलंय तेवढंच करायचं. त्यामुळे वाचणं भरवशाचं झालं. लिहिण्याचं मात्र नाव काढू नका. असलेल्या फाइलच्या आत बदल करता यायचा, पण नवी फाइल बनवणं, फोल्डर बनवणं, काही पुसणं, बंद. तेव्हा आम्ही याला नावं ठेवायचो. आता वाटतं, दुसऱ्याच्या एकुलत्या एका डिस्कला हात लावायचा तर असाच माणूस हवा.

मी टर्मिनलवर माउंटचा आदेश दिला, डिस्क उघडली, आत फोल्डर दिसले. 'डीसीआयएम', 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर (२)', 'स्कॅन', गाण्यांचे दोन. सगळं लॅपटॉपवर उतरवलं. रात्रभर चाललं. सकाळी प्रत पूर्ण, एकही चूक नाही.

आता नवे फोटो डिस्कवर टाकायचे होते आणि एनटीएफएसवर नवी फाइल बनत नव्हती. माझा बेत असा: प्रत तर झालीच आहे, तर डिस्क सरळ पुसून फॅट ३२ करू. लिनक्समधून ८० जीबीची फॅट ३२ आरामात बनते. सगळं परत भरू, मामांना विंडोजवर दिसेल, मला लिनक्सवर. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही, पण मामांकडे तसली फाइल कुठली असायला!

फॉरमॅटचा आदेश टाइप केला. एंटर दाबायच्या आधी, सवय म्हणून, डिस्क किती भरलीय ते पाहिलं. ४१ जीबी. माझ्याकडची प्रत पाहिली. २६ जीबी.

इथे मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी त्या १५ जीबीचं स्पष्टीकरण तयार केलं. रिसायकल बिन असेल. विंडोजचा लपवलेला पसारा असेल. ब्लॉकचा आकार वेगळा, त्यात थोडं वाया जातच. इंजिनिअरला स्पष्टीकरण सुचायला किती वेळ लागतो? बोट एंटरवर होतं म्हणालो तर नाटकी वाटेल. पण आदेश पडद्यावर तसाच उभा ठेवून मी आंघोळीला गेलो, आणि बाहेर आलो तर मामांचा फोन.

"काय रे, वासोट्याचे बघितलेस का?"

"कुठले वासोट्याचे?"

"अरे, फोल्डरच आहे. वासोटा. सगळ्यात मोठा तोच."

मी पुन्हा पाहिलं. वासोटा नव्हता. अजिंक्यतारा नव्हता. किल्ल्याच्या नावाचं एकही फोल्डर नव्हतं. फोनवर "बघतो, बघतो" म्हणालो, पण हाताला घाम सुटला होता.

मग कर्नलचा लॉग उघडला. जे काल रात्री बघायला हवं होतं ते. शेकडो ओळी, एकाच मजकुराच्या: नावात अशी अक्षरं आहेत जी 'आयएसओ-८८५९-१'मध्ये बसत नाहीत, 'एनएलएस=यूटीएफ८' हा पर्याय वापरून बघा. आणि खाली: अमुक नोंद नावात बसत नाही म्हणून वगळत आहे. वगळत आहे. वगळत आहे.

झालं होतं असं. एनटीएफएसवर नावं युनिकोडमध्ये असतात, दर अक्षरचिन्हाला दोन बाइट. लिनक्समधला प्रोग्रॅम नाव मागतो तेव्हा ड्रायव्हरला ते ठरलेल्या अक्षरसंचात भाषांतर करून द्यावं लागतं. माझ्या हातच्या, मोठ्या दिमाखात कंपाइल केलेल्या कर्नलमध्ये तो संच पश्चिम युरोपचा होता. मूळ सेटिंग, मी कधी बदललंच नव्हतं. त्यात फ्रेंच आहे, जर्मन आहे, देवनागरी नाही. मग ज्या नावाचं भाषांतर होत नाही ते ड्रायव्हर यादीतून गाळायचा. चुकीचं नाव दाखवण्यापेक्षा न दाखवणं बरं, असा विचार. लॉगमध्ये प्रामाणिकपणे लिहायचा, उपायसुद्धा सांगायचा. पण लॉग बघतंय कोण! फॅटचा ड्रायव्हर निदान नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दाखवायचा, काहीतरी हुकलंय एवढं तरी कळायचं. इथे मराठी नावाची फोल्डरं जणू नव्हतीच. आणि मामांनी जे जे जिव्हाळ्याचं होतं त्याला मराठीत नाव दिलं होतं. उरलेला कचरा तेवढा इंग्रजीत होता. माझी प्रत त्या कचऱ्याची, अगदी अचूक प्रत होती.

तयार कर्नल आणि आयकॉनवर टिचकी मारून उघडणारी सोय वापरली असती तर बहुधा हे झालंच नसतं. ती मंडळी यूटीएफ-८चा पर्याय आपसूक लावत. म्हणून सांगतो, त्या रगेचं फळ.

यूटीएफ-८चीही एक गोष्ट आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक जेवायला बसले आणि तिथल्या कागदी टेबलमॅटवर थॉम्प्सनने ही पद्धत मांडली. युक्ती अशी की इंग्रजी अक्षरं होती तशी एकाच बाइटात राहतात, जुन्या प्रोग्रॅमना पत्ता लागत नाही, आणि बाकी जग दोन, तीन, चार बाइटांत मावतं. देवनागरीच्या वाट्याला तीन. काना तीन, मात्रा तीन, अनुस्वार तीन. (जोडाक्षर लिहिलंत की मधला हलन्तही तीन घेतो. संगणकाच्या लेखी 'म्या' हे बारा बाइटांचं प्रकरण आहे.)

तीन बाइटांचा हिशोब मला लगेच भेटला. योग्य पर्याय देऊन डिस्क पुन्हा माउंट केली आणि काय सांगू, सगळे किल्ले एका ओळीत हजर! पुन्हा प्रत सुरू केली. मधेच तक्रार: नाव फार मोठं आहे. म्हटलं आता हे काय? हे मामांचं एक नाव, वानगीदाखल:

वासोटा - जुन्या वासोट्याचा बाबुकडा, सकाळी साडेसात, धुकं ओसरल्यावर, वाटाड्याच्या खांद्याआडून टिपलेला

शेपटाच्या जेपीजीसकट मोजलं तर १०३ चिन्हं. एनटीएफएसला नाव २५५ चिन्हांपर्यंत चालतं, तिथे हे ऐसपैस मावलं. लिनक्सच्या ईएक्सटी ३ला २५५ बाइट चालतात, चिन्हं नव्हे. इंग्रजीत दोन्ही सारखंच. मराठीत मात्र २५५ बाइट म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. वरच्या नावाचे बाइट होतात २७१. नाही मावत! असे तेरा फोटो निघाले. त्यांना मी वासोटा-०१, वासोटा-०२ अशी रेशनकार्डावरची नावं दिली आणि खरी नावं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवली. या वेळी ४१ जीबीला ४१ जीबी जुळले. दोनदा मोजले.

आता लिहिण्याचा प्रश्न उरला. तोवर एक अघोरी उपाय होता, कॅप्टिव्ह नावाचा, २००३ सालचा. चेक प्रोग्रॅमर यान क्रातोखविलने तो रचला. त्यात लिनक्सच्या आत विंडोजचीच एनटीएफएसची मूळ फाइल आणून चालवायची, आणि तिला आपण घरीच आहोत असं वाटावं म्हणून भोवती रिअॅक्टओएसचा देखावा उभा करायचा. म्हणजे सातबारा वाचता येत नाही तर तलाठ्यालाच उचलून आणायचं. मी एकदा करून पाहिलं होतं. चालतं, पण बैलगाडीच्या वेगाने.

जुलै २००६ मध्ये हंगेरीच्या साबोल्च साकाचिचने एनटीएफएस-३जी चाचणीसाठी खुला केला. गडी नवखा नव्हता. एनटीएफएसचं विभाजन मोडतोड न करता लहान-मोठं करणारं अवजार त्यानेच लिहिलं होतं, ज्याच्या जोरावर हजारो लोकांनी विंडोजशेजारी लिनक्स बसवलं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता, बाहेर साध्या प्रोग्रॅमसारखा चालायचा. ही सोय दुसऱ्या एका हंगेरियनाने, मिक्लोश सेरेदीने केली होती, तिचं नाव फ्यूज. २००५ च्या ऑक्टोबरात ती कर्नलमध्ये आली होती. बाहेर चालण्याचा फायदा असा की गडबड झाली तर प्रोग्रॅम पडतो, घर पडत नाही.

पक्की प्रत हातात होती म्हणूनच धाडस केलं. दुसऱ्या रविवारी सकाळी लावलं, तर त्याने चक्क नकार दिला: डिस्क मागच्या वेळी नीट बंद केलेली नाही, नोंदवहीत अर्धवट काम दिसतंय, आधी विंडोजवर नेऊन सावरा. मामांनी वायर उपटून डिस्क रुमालात घातली होती हे त्याला साताऱ्याहून इतक्या लांब समजलं! 'फोर्स' म्हणून बळजबरी करायची सोय होती, पण एव्हाना माझी रग उतरली होती. शेजाऱ्याच्या एक्सपीला लावली, तपासली, नीट काढली, परत आणली. उघडली. नवे फोटो टाकले. पुन्हा शेजाऱ्याकडे नेऊन पाहिले. सगळे होते.

मामांना डिस्क परत दिली तेव्हा ते म्हणाले, "एवढ्याशा कामाला पंधरा दिवस?" मी काही बोललो नाही. मधली हकीकत त्यांना मी कधीच सांगितली नाही.

त्यानंतरचं भराभर सांगतो, कारण तिथून रस्ता डांबरी झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये एनटीएफएस-३जीची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि ऑक्टोबरच्या उबुंटू ७.१०मध्ये एनटीएफएसवर लिहिणं न मागता मिळू लागलं. दुसरीकडे, वायर लावल्यावर खिडकी आपोआप उघडण्याचं यंत्र उभं राहत होतं. ग्रेग क्रोआ-हार्टमनचा यूडेव्ह २००३ चा, त्यावर हॅल, पुढे हॅल निवृत्त होऊन यूडिस्क्स. २००९ मध्ये इंटेलमधल्या सेज शार्पच्या कामामुळे यूएसबी ३.० सगळ्यात आधी लिनक्समध्ये आलं, कर्नल २.६.३१. नव्या पोर्टला ९०० मिलीअँपियर देता येतात, दोन शेपटांची वायर इतिहासजमा.

एका ठिकाणी मात्र थांबायला हवं. आम्हाला भीती एनटीएफएसची वाटायची, पण कोर्टाची नोटीस आली ती गरीब बिचाऱ्या फॅटवरून. फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या रस्ते दाखवणारी यंत्रं बनवणाऱ्या डच कंपनीवर आठ पेटंटांचा दावा लावला. त्यातली काही थेट लिनक्समधल्या फॅटच्या लांब नावांवर होती. आठ अक्षरी जुन्या नावाशेजारी लांब नाव जोडून ठेवायची युक्ती. महिन्याभरात तडजोड झाली, टॉमटॉमने दोन वर्षांत तो भाग काढून टाकायचं कबूल केलं. साम्बावाल्या अँड्र्यू ट्रिजेलने लगेच पॅच लिहिला की लांब आणि आखूड अशी दोन्ही नावं एकदम लिहायचीच नाहीत. फाइलला मोठं नाव द्यायचं की नाही हा वकिलांचा विषय झाला होता. मामांचं काही खरं नव्हतं!

ही गाठ सुटायला दहा वर्षं गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट लिनक्सच्या पेटंट-संरक्षण मंडळात, ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये, सामील झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने एक्सफॅटचा, म्हणजे मोठ्या मेमरी कार्डांवरच्या पद्धतीचा, तपशील जाहीर केला. त्याच वर्षी एक्सफॅट कर्नल ५.४ मध्ये आलं आणि २०२० मध्ये ५.७ ला सॅमसंगच्या मंडळींचा चांगला ड्रायव्हर त्या जागी बसला. आणि २०२० मध्येच पॅरागॉन नावाच्या कंपनीने, जी वर्षानुवर्षं एनटीएफएसचा ड्रायव्हर विकून पोट भरत होती, तोच ड्रायव्हर लिनक्सला देऊ केला. पहिला पॅच २७ हजार ओळींचा, एकगठ्ठा! लोकांनी डोक्याला हात लावला, तुकडे करून आणायला सांगितलं. वर्षभर घासाघीस झाली आणि ऑक्टोबर २०२१ च्या ५.१५ मध्ये तो आत आला. वाचणं, लिहिणं, सगळं, कर्नलच्या आत. आल्तापर्माकोव्हचा जुना सावध ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.९ कर्नलमधून काढून टाकला. बातमी वाचली तेव्हा वगळत आहे, वगळत आहे त्या ओळी डोळ्यापुढून गेल्या.

लेकीने पाहिलेला सेकंद तो हा.

मामा २०१४ मध्ये गेले. डिस्क तेव्हाच मामींनी माझ्याकडे दिली असणार आणि मी ती बुटाच्या खोक्यात टाकली असणार. परवा रविवारी मी बसून डिस्कवरचा सगळा माल नव्या लॅपटॉपवर घेतला. बहुतेक सगळा आला. तेरा फायली अडल्या. नाव फार मोठं आहे.

ईएक्सटी ४ झालं, डिस्क टेराबाइटच्या झाल्या, पण नावाची मर्यादा अजून २५५ बाइटच आहे. एक्सएफएस घ्या, बीटीआरएफएस घ्या, तेच. २००६ मधली ती टेक्स्ट फाइल शोधली, मिळाली. जुळवून पाहिली तर एका नावात मी उतरवताना "खांद्याआडून"चं "खांद्यावरून" केलंय. म्हणजे ती नावं अक्षरशः जशीच्या तशी अजून फक्त या एकाच डिस्कवर आहेत.

लेकीला वासोट्याचा तो फोटो दाखवला. धुकं, कडा, आणि डाव्या कोपऱ्यात वाटाड्याचा अर्धा खांदा. तिने फोटोपेक्षा नाव आधी वाचलं, मोठ्याने, स्वल्पविरामांसकट. मग विचारलं, "बाकीची बारा कुठली?"

जेवायला हाक आली तरी आम्ही वाचतच होतो. सातव्यापर्यंत पोचलोय. डिस्क परत माळ्यावर गेलेली नाही, टेबलावरच आहे. दुसरी ८० जीबीची एनटीएफएस प्रत करायला जुनी डिस्क शोधतोय, कुणाकडे पडून असेल तर कळवा.